दाण्यातील शिदोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरातल्या धान्याविषयी काही उपयोगाचे बोलावयास सांगितले आहे. "मात्र पाककृती सांगू नका, त्या आम्हांला येतात," अशी पुस्तीही त्यांनी जोडली. मी बरीच वर्षे मुलींना वनस्पतिशास्त्र शिकविले, तेव्हा स्वयंपाकघरातले डबेच आज पुस्तकासारखे उघडावे असे ठरविले आहे.

आरंभी एक प्रश्न विचारते. आपल्या घरी ज्वारीचे पोते येते. त्याच ज्वारीतला एक वाटा गिरणीत जातो आणि एक वाटा, ज्यांच्या गावी शेत आहे त्यांच्याकडे, पेरणीला राहतो. पहिल्याला आपण धान्य म्हणतो, दुसऱ्याला बियाणे. दाणा तोच, रंग तोच, वजन तेच. मग फरक कशात? पुष्कळजणी म्हणतील, बियाणे निवडलेले असते, टपोरे असते. ते खरेच आहे. परंतु टपोरा, चकचकीत, निवडून काढलेला दाणाही बियाणे नसू शकतो. तो फरक डोळ्यांना दिसत नाही. तो समजावयाचा तर दाण्याच्या पोटात शिरले पाहिजे.

मालदांडीचे चार दाणे रात्री वाटीत भिजत टाका आणि सकाळी नव्या पात्याने एकेक उभा चिरा. तीन वस्तू दिसतील. बाहेर कोंड्याचे पातळ साल. आत पांढऱ्या पिठाचा मोठा साठा. त्याला भ्रूणपोष म्हणतात. आणि खालच्या टोकाला, एका कुशीला, किंचित पिवळट, मऊ असा एक तुकडा. तो भ्रूण, म्हणजे उद्याचे ताट. त्याला इवलेसे मूळ आहे, इवलासा कोंभ आहे, आणि पिठाकडे पाठ लावून बसलेले ढालीच्या आकाराचे एक पान आहे. वजनाने पाहिले तर दाण्याच्या शंभर भागांतले ऐंशीहून अधिक भाग हा पिठाचा साठा, सहा-आठ भाग साल आणि जेमतेम दहा भाग भ्रूण. एक भाग प्रवासी आणि आठ भाग शिदोरी, असा हा हिशेब आहे.

आपण भाकरी खातो ती या शिदोरीची. शिदोरी दुसऱ्यासाठी बांधलेली होती, आपण ती वाटेत अडवून खाल्ली, इतकेच. मला यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. माणसाचे सारे संसार याच अडवणुकीवर उभे आहेत. पण शिदोरी कोणासाठी होती हे ध्यानात ठेवले, तर धान्याचे पुष्कळ स्वभाव आपोआप उलगडतात.

ही शिदोरी भरते कशी, ते आपण सोलापूरकरांनी पाहिले आहे, नुसते पाहिलेच नाही तर चाखले आहे. ज्वारी फुलोऱ्यात आली की परागाचा कण फुलातल्या स्त्रीकेसरावर पडतो. त्याच्यातून दोन पुंबीजे आत उतरतात. एक अंडपेशीशी मिळते आणि त्यातून भ्रूण होतो. दुसरे आईच्या आणखी दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष होतो. हा दुहेरी संयोग १८९८ साली रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी दाखविला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील गिन्यार यांनीही. यातली गंमत अशी की ज्वारीच्या भ्रूणात २० गुणसूत्रे असतात, दहा आईची आणि दहा बापाची. परंतु भ्रूणपोषात ३० असतात, त्यांपैकी वीस आईची. भ्रूणपोष हे भ्रूणाचे जणू जुळे भावंडच. एकाच वेळी जन्मलेले, एकाच घरात वाढलेले. मात्र त्याला स्वतःचे मूळ नाही, पान नाही, वंशही नाही. ते अन्न साठवते आणि भावाला देऊन संपून जाते.

पहिल्या दिवसांत दाण्यात पाण्यासारखा रस असतो, मग तो दुधासारखा होतो, मग चिकासारखा. शेतकरी "ज्वारी चिकात आली" म्हणतो तो हाच काळ. ताटाच्या पानांत तयार झालेली साखर कणसाकडे वाहत असते आणि दाण्यात पोहोचली की तिच्या लांब साखळ्या जोडून पिठूळ सत्त्व, म्हणजे स्टार्च, तयार होते. साखर ओलसर, चंचल, बुरशीला आणि मुंग्यांना बोलावणारी. स्टार्च कोरडा, मुकाट, थोड्या जागेत मावणारा. प्रवासाला शिरा कोणी बांधून देत नाही, दशम्या देतो, तसेच हे. आता हुरडा गोड का लागतो हे सांगावयास नको. साखरेचे पीठ होण्याचे काम अर्धवट असताना आपण कणीस आगटीत भाजतो. आठ दिवस उशीर केला की तोच दाणा फिका, पिठूळ लागतो.

साठा पुरा झाला की दाण्याच्या बुडाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, एक काळा ठिपका दिसू लागतो. फुलोऱ्यापासून साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी हा ठिपका येतो. आईकडून येणारी वाट तिथे बंद झाली, नाळ पडली, असा त्याचा अर्थ. यानंतर दाण्यात भर पडत नाही. तो केवळ वाळतो. जाणते शेतकरी दाणा उपटून ठिपका पाहतात आणि मगच काढणीचे ठरवितात. ठिपका येण्याआधी ताट सुकले तर दाणा चिपाड राहतो. कोरड्या वर्षी आपल्याकडे असे होते. शिदोरी बांधता बांधताच घरातले संपले, असे ते.

सगळ्याच बिया ज्वारीसारखे वेगळे कोठार बांधत नाहीत. हरभरा, तूर, मटकी, मूग यांत भ्रूण हा साठा वाढीच्या काळातच खाऊन टाकतो आणि आपल्या पहिल्या दोन पानांत भरून ठेवतो. ती पाने इतकी जाड होतात की पाने म्हणून ओळखूच येत नाहीत. हरभरा भरडला की ती सुटी होतात आणि आपण त्यांना डाळ म्हणतो. डाळ म्हणजे दोन पानांपैकी एक पान! डाळ कितीही भिजवा, तिला मोड येत नाहीत, कारण दोन पानांच्या बेचक्यात बसलेला मूळ-कोंभाचा कण भरडताना गळून चुणीत गेलेला असतो. शिदोरी शाबूत, प्रवासी नाही.

तो कण पाहावयाचा असेल तर शेंगदाणा घ्या. आपल्या सोलापूरच्या शेंगाचटणीला दाणे भाजून, साले पाखडून दोन पाकळ्या केल्या की टोकाशी मोहरीएवढे एक नाक चिकटलेले दिसते. बारकाईने पाहिलेत तर त्याच्या वरच्या अंगाला पिसासारखी पाने घडी घालून ठेवलेली आढळतील. अख्खे झाड तिथे आहे. बाकीच्या दोन पाकळ्या म्हणजे केवळ तेलाचा आणि प्रथिनांचा साठा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते. तेलात, त्याच वजनाच्या स्टार्चपेक्षा, दुपटीहून अधिक शक्ती मावते. लहान पिशवीत अधिक शिदोरी बांधावयाची तर तेल बरे. मात्र कोंभाला लागते साखर. तेव्हा उगवताना बी तेलाची साखर करते. आपल्या शरीराला चरबीपासून साखर करण्याची ही कला जवळजवळ येत नाही. शेंगदाण्याला, एरंडाला, करडईला येते. मधुमेहाच्या गोष्टी चालतात तेव्हा मला याचे नेहमी नवल वाटते.

मेथी रात्री भिजवली की सकाळी बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजे मेथीचा भ्रूणपोष. त्यातला साठा डिंकाच्या जातीचा आहे. तो भ्रूणाला आधी पाणी धरून देतो आणि मागाहून साखर. दुहेरी काम!

चिंचोक्याची गोष्ट तर आपल्या गावाची म्हणावी अशीच आहे. चिंचोक्याने आपला साठा पेशींच्या जाडजूड भिंतींतच घालून ठेवलेला असतो. म्हणजे घरच्या भिंती गुळाच्या. रोप वाढताना भिंती खात जावयाचे. याच भिंतींचा पदार्थ पाण्यात शिजवला की चिकट खळ होते. ज्या गावात घरोघर माग चालले तिथे खळ म्हणजे काय हे सांगावयास नको. ताणा मजबूत व्हावा, सूत तुटू नये म्हणून कापडधंद्यात चिंचोक्याचे पीठ वापरले गेले, आणि धनगरांच्या घोंगडीला आजही चिंचोक्याची खळ देतात. कोणा एका चिंचेच्या रोपट्यासाठी ठेवलेले अन्न पावसाळ्यात मेंढपाळाच्या खांद्यावर जाते.

नारळाची थोरवी सांगावी तेवढी थोडी. त्याचे पाणी आणि खोबरे दोन्ही भ्रूणपोषच. ज्वारीचा दाणा जसा आधी पाणीदार आणि मग घट्ट होतो तसाच नारळ. फक्त तो इतका मोठा की त्याचे पाणी शेवटपर्यंत पुरते घट्ट होत नाही. तीन डोळ्यांपैकी एक डोळा मऊ असतो; त्याच्या मागे भ्रूण बसलेला असतो. कोंभ आलेला नारळ फोडला तर आत गोडसर, कापसासारखा गोळा सापडतो. पोरे त्यासाठी भांडतात. तो गोळा म्हणजे भ्रूणाचे पान. पाणी आणि खोबरे शोषून घेण्यासाठी फुगलेले. या पाण्यात वाढीची अशी काही द्रव्ये आहेत की १९४१ साली अमेरिकेत व्हान ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे अगदी कोवळे भ्रूण बीतून काढून नारळाच्या पाण्यावर वाढविले. जे भ्रूण एरवी मेले असते ते जगले. आजकाल केळीची रोपे प्रयोगशाळेत बाटल्यांतून वाढवून विकतात, त्या विद्येच्या सुरुवातीच्या दिवसांत नारळाच्या पाण्याचा मोठा वाटा आहे.

आणि शिदोरीच न देणारी झाडेही आहेत. सह्याद्रीतल्या झाडांवर वाढणाऱ्या आमरींचे बी धुळीसारखे असते. आईने हात हलवीत पाठविले. ते बी एखाद्या बुरशीच्या आश्रयाने जगले तर जगले. लाखो बियांतून एखादे रोप होते. ज्वारीची आई थोडी मुले घालते आणि प्रत्येकाला बांधून देते.

आता हा साठा उघडतो कसा ते पाहू. त्यासाठी नवरात्राइतके उत्तम निमित्त नाही. घटाभोवती शेतातली काळी माती पसरून आपण धान्य पेरतो आणि रोज थोडे पाणी घालतो. देवघराच्या कोपऱ्यात ऊन येत नाही. तरीही नऊ दिवसांत वीतभर, पिवळेधमक धान उभे राहते. त्याला अन्न कोठून मिळाले? मातीतून नव्हे, मातीतून मिळते ते पाणी आणि थोडे क्षार. उन्हातूनही नव्हे, ऊन नाही म्हणून तर ते हिरवे झाले नाही. ते सगळे वाढले ते दाण्यातल्या शिदोरीवर. घटातले धान उपटून पुरते वाळवून तोलले, तर वजन पेरलेल्या दाण्यांपेक्षा कमीच भरेल, कारण वाढीच्या श्रमात काही भाग खर्च झालेला असतो. दसऱ्याला तुरे कानावर, टोपीत खोवतो त्या सुमाराला शिदोरी संपत आलेली असते. त्यापुढे ऊन नाही मिळाले तर ते मान टाकते.

आमच्या आजेसासूबाई घट बसविताना पेरणीच्याच बियाण्यातले मूठभर धान्य घेत आणि धान दाट आले की विरळ, हे बारकाईने पाहत. आपल्याकडे रब्बीची पेरणी त्याच दिवसांत असते. त्यांना वनस्पतिशास्त्र शिकविण्यास कोणी आले नव्हते.

दाण्यात पाणी शिरले की भ्रूण जागा होतो. त्याला भूक लागते. पण समोर स्टार्चचे कोठार कुलूपबंद. गहू आणि बार्ली यांत भ्रूण एक निरोप पाठवितो. जिबरेलिन नावाचे द्रव्य कोठाराभोवतीच्या जिवंत पेशींच्या थरापर्यंत जाते आणि त्या पेशी स्टार्च तोडणारे पाचक रस सोडू लागतात. १९६० च्या सुमारास जपानमध्ये योमो आणि ऑस्ट्रेलियात पालेग यांनी हे बार्लीवर दाखविले. भ्रूण कापून टाकलेला अर्धा दाणा भिजत ठेवला तर त्यातला स्टार्च तसाच राहतो. पण पाण्यात जिबरेलिनचा अंश घातला की भ्रूण नसतानाही साखर होऊ लागते. आपल्या ज्वारीची तऱ्हा थोडी निराळी. तिच्यात हे रस मुख्यतः ते ढालीसारखे पानच सोडते, आणि झालेली साखर शोषून मुळा-कोंभाकडे पोहोचविणेही त्याच्याकडेच. वाढणारी आणि जेवू घालणारी एकच!

मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व बाळाला पचते ते याचमुळे. पचनाचे निम्मे काम नाचणीच्या भ्रूणाने स्वतःसाठी करून ठेवलेले असते. मोडांचा आणखी एक गुण आहे आणि तो आपल्या घरातल्या मुलीबाळींच्या कामाचा आहे. बी फॉस्फरसही साठविते; फायटिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल लोह आणि जस्त यांना घट्ट धरून ठेवते. बियाला त्याचा उपयोग. आपल्याला मात्र त्यामुळे भाकरी-डाळीतले लोह पुरते मिळत नाही. भिजवून मोड आणले की भ्रूण ते आम्ल मोडू लागतो, लोह मोकळे होते, शिवाय वाळलेल्या मटकीत जवळपास नसलेले क जीवनसत्त्व मोडांत तयार होते. त्यावर लिंबू पिळले तर दुधात साखर. घरात रक्त कमी असलेली लेकसून असेल तिने मोडांची उसळ केवळ उपवास सोडावयाची वस्तू समजू नये. वैद्यांचे औषध चालू असेल ते मात्र चालूच ठेवावे. उसळ हे औषध नव्हे.

मटकीत काही दाणे कितीही भिजवले तरी खड्यासारखे राहतात. त्यांना आपण गणंग म्हणून शिव्या घालतो, आणि दाताखाली आला तर शिवी योग्यच आहे. पण बियांच्या बाजूने पाहा. पहिल्या पावसाने सगळ्याच उगवल्या आणि पुढे ओढ पडली, तर वंशच बुडेल. म्हणून काहींचे साल पाण्याला दाद देत नाही. त्या मागे राहतात.

आता साठवणीचे पाहू. सुका दाणा मेलेला नाही, तो झोपलेला आहे. तो अत्यंत हळू श्वास घेतो आणि त्यासाठी स्वतःच्या शिदोरीतूनच चिमूटभर खर्च करतो. ओल आणि उष्णता वाढली की श्वास वाढतो, खर्च वाढतो आणि भ्रूण थकतो. दाण्यातील ओल शंभरात एका भागाने कमी केली तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि थंडावा पाच अंशांनी वाढविला तरी तसेच, असा बियाणेशास्त्रातला ठोकताळा आहे. उन्हात कडक वाळवून, राख मिसळून, मडक्याचे तोंड लिंपून ठेवणाऱ्या बायकांनी हा ठोकताळा कागदावर पाहिला नव्हता, पण पाळला होता. पेवातली ज्वारी खावयाची आणि बियाण्याची कणसे आढ्याला टांगावयाची, हा भेद त्यांनी केला होता. कारण पेवाच्या उबेत पीठ टिकते, भ्रूण टिकेलच असे नाही.

किडीलाही हा भेद कळतो. खापरा नावाच्या किड्याची अळी प्रथम भ्रूणाचाच भाग कुरतडते, कारण तेल आणि प्रथिने तिथेच अधिक. असा दाणा दळून भाकरी होईल. पेरला तर मातीत कुजेल. ज्वारीतले बहुतेक तेल त्या दहाव्या हिश्श्यात असते, म्हणूनच दळलेले पीठ फार दिवस ठेवले की कडवट होते. दळताना भ्रूण फुटतो आणि त्याचे तेल हवेला लागते. अख्खी ज्वारी वर्षभर गोड राहते, पीठ पंधरवडाही राहत नाही. गिरणीच्या फेऱ्या वाचविण्यासाठी महिन्याचे पीठ दळणाऱ्या भगिनींनी याचा विचार करावा. पांढऱ्याशुभ्र तांदळाचा दाणा हातात घ्या. टोकाला एक बारीक खाच दिसेल. तिथे भ्रूण होता. तो काढला म्हणून तांदूळ टिकतो, आणि तो काढला म्हणूनच थोडा निःसत्त्वही होतो.

झोप किती लांबू शकते? इस्राएलमध्ये मसाडा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या बिया मिळाल्या होत्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांतली एक २००५ साली पेरली आणि ती उगवली. कोरडी हवा आणि दगडासारखी घट्ट शिदोरी यांनी तो भ्रूण सांभाळला. परंतु हे अपवाद. आपली ज्वारी घरात दोन-तीन उन्हाळे काढते. शेंगदाणा तर एक उन्हाळाही मोठ्या मिनतवारीने.

याच ठिकाणी धान्य आणि बियाणे यांचा प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाही. माझे माहेर मंगळवेढ्याच्या बाजूचे. ज्वारीचे कोठार म्हणून त्या तालुक्याचे नाव, दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे उघडली ती कथाही तिथलीच, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी १९७२ साली त्या कोठारात काही नव्हते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. वडीलमाणसे खडी फोडावयास जात, आम्हांला शाळेत सुकडी मिळे, आणि घरात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या चामड्यासारख्या ताणाव्या लागत. माळवदाच्या तुळईला मालदांडीची वीस-पंचवीस कणसे राखेचा हात फिरवून टांगलेली होती. आम्ही मुले त्यांच्याकडे पाहत जेवत असू. आजारी आजीने एकदा आपल्या ज्वारीची पेज मागितली. आईने मिलोचीच पेज केली, गूळ घालून दिली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. कणसे उतरली नाहीत. शेजारच्या घरात उतरली. तिथे तान्हे मूल होते. त्यांनी चुकीचे केले असे मी आजही म्हणणार नाही. १९७३ साली पाऊस झाला. त्या आश्विनात आमच्याकडे पाभर चालली आणि आईने बियाण्यातला अर्धा वाटा भिंतीवरून शेजारी दिला.

फार वर्षांनी मी लेनिनग्राडची हकीगत वाचली. १९४१ ते १९४४ या काळात जर्मन सैन्याने त्या शहराला वेढा दिला. तिथल्या संस्थेत वाविलोव नावाच्या शास्त्रज्ञाने देशोदेशी फिरून जमविलेले लाखो बियांचे नमुने होते; गहू, तांदूळ, कडधान्ये, शेंगदाणे. माणसे रस्त्यात भुकेने पडत होती. संग्रह राखणाऱ्यांपैकी कित्येकजण उपासमारीने मेले. तांदळाचे राखणदार दिमित्री इव्हानोव मेले तेव्हा त्यांच्या ताब्यात तांदळाची हजारो पाकिटे होती. वाविलोव स्वतः सरकारच्या रोषाने तुरुंगात होते. तेही १९४३ साली तिथेच गेले. वाचताना मला राखेचा हात फिरवलेली ती कणसे आठवली.

आज कोणी म्हणेल, बियाणे दुकानात पिशवीत मिळते, घरी राखावयाची गरज काय? संकरित वाणाचे दरवर्षी विकतच घ्यावे लागते, कारण घरचे पेरले तर पुढची पिढी एकसारखी येत नाही. पण रब्बी ज्वारीत आपली मालदांडी अजून टिकून आहे. १९३० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून ३५-१ ही निवड झाली, आणि तिचे बियाणे घरी धरता येते. ओल खाली गेलेल्या काळ्या रानात दाणा दोन-तीन बोटे खोल पेरावा लागतो. कोंभाला तेवढे अंतर अंधारात, स्वतःच्या शिदोरीवर चढून यावे लागते. टपोरा दाणा निवडण्याचे कारण हेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे राखण्यासाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या हे येथे मुद्दाम सांगते.

ज्यांच्या गावी पेरणी आहे त्यांनी भाद्रपदात एक परीक्षा करावी. सरमिसळ करून शंभर दाणे मोजून घ्या. टपोरे तेवढे निवडू नका. गोणपाटाचा तुकडा धुऊन, पिळून ओला करा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, दुसरा ओला तुकडा वर घालून सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. ती वाळू देऊ नका, पाण्यात बुडवूही नका. चौथ्या दिवशी एकदा आणि दहाव्या दिवशी शेवटचे मोजा. मूळ आणि कोंभ दोन्ही धड निघालेलेच धरा. ज्वारीचे पंचाहत्तर उगवले तर सरकारी प्रमाणाइतके बियाणे आहे. हरभऱ्याला पंच्याऐंशी लागतात, भुईमुगाला सत्तर. कमी आले तर अधिक बी पेरा किंवा दुसरे मिळवा, आणि ते धान्य खुशाल दळावयास द्या. भुईमूग मात्र शेंगेतच ठेवा आणि पेरणीच्या तोंडावर फोडा.

आणि एक सूचना. मोजून झालेले ज्वारीचे लांब कोंभ उसळीत घालू नका, गाईम्हशींनाही टाकू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते हे गावाकडे सर्वांना ठाऊक आहे. ते विष दाण्यात जवळजवळ नसते, कोंभ वाढू लागला की तयार होते. मटकीची गोष्ट निराळी, ती पोटभर खा. ज्वारीचे कोंभ मातीत पुरून टाका.